लेखकाचं घर हलतं तेव्हा: पुस्तकं, बाडं, टेबल आणि लिखाणाची घडी

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

मुंबईत लिहिणाऱ्या माणसाचं घर बदलण्याची कारणं साधारण तीनच. अकरा महिन्यांचा करार संपला, इमारत पुनर्विकासात गेली, किंवा जागा पुरेना म्हणून विरार-बदलापूरकडे सरकायचं ठरलं. सामान कसं हलवावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. लिखाण कसं हलवावं हे कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा. स्वतःच्या गोष्टी नकोत. माप, वजन, कारण, उपाय एवढंच लिहा.

सुरुवात मी करतो. घर बदललं की लेखकाचे विषय बदलतात, असं परिसंवादांत हमखास ऐकू येतं. बदलत असतीलही, पण वर्ष-दोन वर्षांनी. पहिल्या दिवशी बदलतं ते वेळापत्रक. पालिकेचं पाणी पहाटे साडेचारला येतं की संध्याकाळी सातला, यावर लिहायचा तास ठरतो. पहाटे लिहिणाऱ्याला पहाटेच्या पाण्याचं घर मिळालं, तर पिंप, बादल्या आणि मोटर यांतच तो तास जातो. म्हणून कार्पेट एरिया विचारायच्या आधी पाण्याची वेळ विचारा, आणि ती दलालाला नाही, शेजाऱ्याला किंवा वॉचमनला.

घर एकदाच पाहू नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी सात ते नऊ, रविवारी सकाळी आणि एकदा रात्री अकरानंतर असं तीनदा पाहा. ध्वनी नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण शेजारच्या प्लॉटवर पायलिंग (पायासाठी जमिनीत खांब घालणं) सुरू झालं की हा कागद कानाला लावून उपयोग नाही. शेजारची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे का, एवढं विचारलंत तरी पुढच्या तीन वर्षांचा अंदाज येतो.

आता हंगाम. दिवाळी अंकांची पत्रं मे-जूनपासून येऊ लागतात आणि मजकूर ऑगस्टअखेर द्यावा लागतो. शाळांच्या सुट्ट्यांमुळे घरं मात्र मे महिन्यात बदलली जातात. म्हणजे खोकी उघडायची वेळ, पहिला पाऊस आणि संपादकाचा तगादा एकाच पंधरवड्यात. लेखकाला सोयीचा काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. करार जूनमध्ये संपत असेल, तर नवा करार अठरा किंवा तीस महिन्यांचा मागा आणि संपण्याचा महिना हिवाळ्यात येईल असं गणित घाला. हे बोलणं भाडं ठरायच्या आधी करायचं. भाडं ठरल्यावर मालक ऐकत नाही.

कपाटातला सुतार

वजनाचं बोलू या, कारण पुस्तकवाले नेमके इथेच फसतात.

फळीवर उभी लावलेली पुस्तकं मीटरला साधारण ३० किलो भरतात. दिवाळी अंक आर्ट पेपरवरचे असतील तर त्याहून जास्त. सात फूट उंच, तीन फूट रुंद, सहा फळ्यांचं कपाट धरा. पुस्तकं १६० किलोच्या आसपास आणि कपाट स्वतः ५०-६०. एकूण सव्वादोनशे किलो झाले.

राहत्या घराचा स्लॅब, आयएस ८७५ भाग २ (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे, चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरून काढलेला असतो. ग्रंथालयाच्या साठ्याच्या खोलीला तोच आकडा ६०० पासून सुरू होतो, यावरून काय ते समजा. दहा बाय बाराची खोली म्हणजे अकरा चौरस मीटर, सगळी मिळून सव्वादोन टन. तीन भिंती कपाटांनी भरल्या तर नऊ कपाटं बसतात. नऊ गुणिले सव्वादोनशे म्हणजे दोन टन तिथेच संपले. मग पलंग, टेबल आणि माणसं कुठे मांडणार? घर लगेच कोसळतं असं नाही, सुरक्षिततेसाठी वरचा हात धरलेला असतो. पण जुन्या इमारतीत सळ्या गंजलेल्या असतात आणि तो वरचा हात त्यांनी आधीच खाल्लेला असतो.

म्हणून जड कपाटं भिंतीलगत, शक्यतो खाली बीम असेल त्या बाजूला ठेवा. खोलीच्या मधोमध पाठीला पाठ लावून दोन कपाटं कधीच नकोत. लाकडी तुळयांच्या चाळीत तर एका भिंतीला एकच कपाट, तेही तुळयांना आडवं, म्हणजे भार तीन-चार तुळयांवर वाटला जातो.

फळीला १८ मिमी मरीन प्लाय (आयएस ७१०) वापरा. साधा प्लाय मुंबईच्या दोन पावसाळ्यांत फुगतो. आधाराशिवायचा गाळा अडीच फुटांपेक्षा जास्त ठेवू नका. तीन फुटांची फळी वर्षभरात पोट काढते आणि मग पुस्तकं मधोमध एकमेकांवर रेलून त्यांच्या पाठी वाकड्या होतात. नेहमीच्या पुस्तकांना नऊ-दहा इंच खोली पुरते. दिवाळी अंकांना बारा लागतात, त्यांची एकच फळी वेगळी करा, सगळं कपाट बारा इंची करून खोली खाऊ नका.

गच्चीवरची खोली

बाल्कनी बंद करून तिथे अभ्यासिका केली तर? उजेड चांगला असतो.

कपाटातला सुतार

टेबल-खुर्ची ठेवा, पुस्तकं नकोत. बाल्कनी म्हणजे बाहेर काढलेला स्लॅब, एका बाजूनेच धरलेला. पुस्तकांचं कपाट नेमकं बाहेरच्या कठड्याला लावलं जातं, म्हणजे तरफेच्या टोकावर वजन. शिवाय पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून. ती बाजू असेल तर जुलैत आतल्या काचेवरही पाणी दिसेल. वहीसुद्धा रात्री तिथे ठेवू नका.

अवांतर: उजेडासाठी खिडकीसमोर टेबल लावायची हौस सगळ्यांना असते. स्क्रीनवर लिहीत असाल तर खिडकी डावी-उजवीकडे हवी, समोर किंवा पाठीमागे नको. समोर असली तर डोळे दिपतात, मागे असली तर स्क्रीनवर खिडकीच दिसते. हाताने लिहिणाऱ्या उजव्यांना उजेड डावीकडून हवा. टेबलाची उंची हाताने लिहायला २९-३० इंच, लॅपटॉपला २६-२७. १६० चौरस फुटांच्या खोलीत भिंतीला बिजागरीचं दुमडतं टेबल करतात. त्याची खोली १८ इंचांपेक्षा कमी नको, नाहीतर कोपर हवेत राहतं आणि अर्ध्या तासात खांदा भरतो.

कसर

नाव वाचून घाबरू नका, कागदाच्या बाजूनेच बोलणार आहे.

खोकी. एक फूट लांब-रुंद-उंच खोकं पुस्तकांनी भरलं की १५ ते १८ किलो होतं. ही मर्यादा. टीव्हीच्या मोठ्या खोक्यात पुस्तकं भरणाऱ्यांचा तळ जिन्यात सुटतो. औषधांच्या किंवा दारूच्या दुकानातली खोकी मजबूत असतात, आधी सांगून ठेवलं तर स्वस्तात मिळतात. तळाला टेप एक आडवी पट्टी न लावता इंग्रजी एच अक्षरासारखी, कडांवरूनही न्यायची.

भरणं. पुस्तक आडवं ठेवा किंवा पाठ खाली करून. पाठ वर आणि पानं खाली असं कधीच नाही. तसं केलं की पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनाने पुठ्ठ्यातून सुटू लागतो. रिकाम्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे चालतील, पण दुर्मीळ पुस्तकाला थेट वर्तमानपत्र लावू नका, शाई उतरते. आधी साधा पांढरा कागद.

क्रमांक. कपाटं रिकामी करण्यापूर्वी प्रत्येक फळीचा फोटो काढा. खोक्यावर 'पुस्तकं' असं लिहून काही कळत नाही. 'क-२, फळी ४, डावा अर्धा' असं लिहा. क्रमांक दोन बाजूंना हवा, कारण खोकी रचली की एकच बाजू दिसते.

चालू बाड. हे टेम्पोत जात नाही. सध्या ज्यावर काम चालू आहे ते हस्तलिखित, त्याच्या टिपणवह्या, लागणारी दहा-बारा संदर्भ पुस्तकं आणि पेनं एका पिशवीत, ती पिशवी स्वतःच्या हातात. नव्या घरी गॅस जोडायच्या आधी ती उघडता आली पाहिजे.

जुनी बाडं बांधताना रबरबँड काढून टाका. मुंबईच्या दमटपणात ते वितळून कागदाला चिकटतात आणि काढताना अक्षर घेऊन येतात. टाचण्या, स्टेपल, लोखंडी क्लिपा खाऱ्या हवेत गंजतात, त्या डागाला उपाय नाही. सुती नाडी आणि सुती कापडाचा बस्ता, आपल्या पणजोबांच्या दप्तरखान्यात होता तोच, अजूनही उत्तम.

ओल. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि मुंबईत जुलैत ती ८० च्या खाली क्वचित येते. पॅकर्सवाले सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात. प्रवासापुरतं ठीक, पण त्याच दिवशी सोडवा. आत अडकलेला दमटपणा बाहेर पडत नाही. नव्या टॉवरात गेलात म्हणून निश्चिंत राहू नका, ताजं प्लास्टर पुष्कळ दिवस पाणी सोडत असतं. बाहेरची भिंत आणि न्हाणीघराची सामाईक भिंत या दोन्ही कपाटाला वर्ज्य. पर्यायच नसेल तर मागे दोन-तीन इंच फट ठेवा, म्हणजे हवा खेळते. डांबराच्या गोळ्या किडीला रोखतात, ओलीला नाही. सिलिका जेल उघड्या कपाटात टाकणं म्हणजे समुद्राला टीपकागद लावणं. ते बंद डब्यातच चालतं.

पुनर्विकासात जाणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. तिथे घर एकदा बदलत नाही, दोनदा बदलतं. आधी संक्रमण शिबिर किंवा भाड्याची जागा, मग तीन-चार वर्षांनी नवी इमारत. बरोबर न्यायची शंभर पुस्तकं निवडा. बाकीची नातेवाइकांकडे कोरड्या मजल्यावर ठेवा, तळमजल्यावर किंवा पोटमाळ्यावर नको. आणि दर हिवाळ्यात एकदा खोकी उघडून बघा. वाळवी दार वाजवून येत नाही.

खिळेजुळारी

कागदाचं झालं, आता संगणक. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टांत अडकलेला असेल, तर घर बदलण्याच्या धांदलीत तो हमखास मरतो. जुना संगणक 'आता कशाला' म्हणून भंगारात जातो, त्याबरोबर फॉन्ट जातो, आणि फायली उघडल्या की रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो. श्रीलिपीच्या जुन्या आवृत्त्यांना संगणकाच्या मागे लागणारं कुलूप, म्हणजे डोंगल, लागायचं. ते करंगळीएवढं असतं आणि आवराआवरीत केरात जातं.

त्यामुळे संगणक हलवायच्या आधी सगळं युनिकोडमध्ये आणा. रूपांतरानंतर चार जागा डोळ्यांनी तपासा: रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकतो, पहिली वेलांटी चुकीच्या व्यंजनाला लागते, 'ऱ्य'चा 'र्य' होतो (म्हणजे 'दऱ्या'चा 'दर्या', डोंगरातून थेट समुद्रात), आणि अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर येतं. 'शोधा आणि बदला'वर विसंबू नका, 'सूर्य'चाही 'सूऱ्य' करून ठेवाल. मूळ फाइल आणि तिची जुन्या फॉन्टातली पीडीएफ दोन्ही जपा.

हाताच्या मजकुराला ३०० डीपीआय स्कॅन पुरतं. पेन्सिल किंवा फिकी शाई असेल तर ४००, रंगीत. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आणि ज्या टेम्पोत संगणक आहे त्याच टेम्पोत हार्डडिस्क नको.

लोकलमधला कोपरा

धागाकर्त्याच्या वेळापत्रकाच्या मुद्द्याला +१, पण एक भर. उपनगराबाहेर गेलेल्या लेखकाला घरात तास मिळत नाही, तो गाडीत शोधावा लागतो. डोंबिवलीहून सीएसएमटी जलद गाडीने तास-सव्वातास, विरार-चर्चगेट त्याहून थोडं जास्त. रोज अडीच तास ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यात प्रत्यक्ष लिहिता येतं किती? उभं राहून एका हाताने फोनवर सलग गद्य होत नाही. होतात त्या टाचणी-नोंदी: संवादाचं एक वाक्य, एखादा शब्द, पुढच्या परिच्छेदाचा सांगाडा. व्हॉइस टायपिंग गर्दीत निरुपयोगी, शेजारचा माणूस तुमच्या कथेत शिरतो. नोंदीचं अॅप नेटवर्कशिवाय चालणारं हवं, वाटेत नेटवर्क गेलं की मजकूर जाऊ नये.

गाडीत खरं जमतं ते वाचन आणि छापलेल्या कागदावर पेन्सिलीने दुरुस्ती. म्हणून घरी पहिला खर्डा, गाडीत दुसरा हात, अशी वाटणी करा. उलट केलं तर दोन्ही फसतं.

चाळकरी

सगळे फळ्या आणि टेप मोजताहेत, चांगलंच आहे. पण लेखकाचं मुख्य सामान कान. ते कुठल्या खोक्यात भरणार?

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळींचं बघा. १६० चौरस फुटांच्या खोल्या, समाईक संडास, मजल्याला एक मधली गॅलरी. आता त्याच माणसांना ५०० चौरस फुटांची घरं टॉवरात मिळताहेत. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. माणसांच्या दृष्टीने हे उत्तमच, रांग लावून संडासला जाण्यात काव्य शोधणाऱ्यांनी आधी रांगेत उभं राहावं. पण लिहिणाऱ्याच्या दृष्टीने एक गोष्ट घडते. गॅलरीत कानावर फुकट पडणारं बोलणं बंद होतं. भांडणाची सुरुवात, सुनेला मारलेला टोमणा, कोकणातून आलेल्या म्हातारीची मालवणी, हे सगळं दाराच्या पलीकडे राहतं. लिफ्टमध्ये माणसं मजल्यांच्या आकड्यांकडे बघतात.

परिणाम संवादांत दिसतो. पात्रं पूर्ण वाक्यात बोलू लागतात. 'तू काल का आला नाहीस?' असं. गॅलरीत कुणी असं बोलत नाही, 'काल कुठं मेलावतास?' म्हणतात. वाटेगावातून पायी मुंबईत आलेले अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहीत होते. वस्तीचं बोलणं त्यांना गोळा करायला जावं लागत नव्हतं. टॉवरात राहणाऱ्याला ते करावं लागेल: मंडईत पंधरा मिनिटं, बसमध्ये मागची सीट, जिन्याने एक मजला तरी खाली.

बोरूबहाद्दर

चाळकरी, मुद्दा मान्य, पण 'चाळ गेली की लेखक संपला' हा सूर नको. वांद्र्याच्या साहित्य सहवासात विंदा करंदीकर बंद दाराच्या फ्लॅटमध्येच राहत होते. विंदांच्या कवितेचा कान बहिरा झाला असं कुणी म्हणेल का?

चाळकरी

नाही म्हणणार. पण तिथे शेजारीही लेखकच होते. ती गॅलरी आडवी नव्हती, उभी होती, एवढंच. आणि कवीचा कान वेगळा, कादंबरीत पानपानभर संवाद लिहिणाऱ्याचा वेगळा. तुमच्या उदाहरणाने माझा मुद्दा पडत नाही.

मुद्रितशोधक

दोघांनी जरा बाजूला व्हा, संपादनाच्या टेबलावरचं सांगू द्या. घर सोडलेल्या लेखकाच्या हस्तलिखितात एक ठरावीक चूक येते. सोडलेला भाग त्याच्या डोक्यात गोठतो आणि राहत्या भागाची नावं मागच्या काळात शिरतात. २०१० सालचं पात्र 'प्रभादेवी स्टेशन'ला उतरतं. ते स्टेशन जुलै २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं. १९९० मधला माणूस 'सीएसटी'ला जातो, ते नावच १९९६ चं, 'महाराज' जोडलं गेलं २०१७ मध्ये. १९६५ सालात ट्राम धावते, शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला गेली. एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ च्या आधी नाही. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो जून २०१४ च्या आधी नाही. डिझेलच्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ नंतर नाहीत.

यावर उपाय घर सोडायच्या आधीचा आहे. शेवटच्या आठवड्यात जागेची नोंद करून ठेवा. जिन्याच्या पायऱ्या किती, कोपऱ्यापासून दुकानं कोणत्या क्रमाने, बसचे क्रमांक, कुठल्या वेळी कुठला आवाज, खिडकीतून सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री काय दिसतं. चार फोटो आणि तासाभराचं ध्वनिमुद्रण. 'जुनी चाळ' लिहू नका, 'तळमजला अधिक तीन' असं लिहा. आठवण कडा घासून सगळं गुळगुळीत करते आणि गुळगुळीत वर्णन वाचकाला लगेच कळतं.

पोस्टाची पेटी

पत्त्याचं कुणी बोललंच नाही. मासिकांच्या वर्गणीचा पत्ता वेगळा कळवावा लागतो, टपाल खात्याला सांगून भागत नाही. तरी जुन्या टपाल कार्यालयात पत्ताबदलाचा लेखी अर्ज द्याच. २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल स्पीडपोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे 'रजिस्टर्डने पाठवा' असं पत्रात लिहून पाठवणाऱ्याला गोंधळात टाकू नका.

प्रकाशकाला पत्ताबदल लेखी कळवा, आपल्या सगळ्या पुस्तकांची नावं देऊन. फोनवर सांगितलेलं हिशेबनिसापर्यंत पोचत नाही आणि मानधनाचा हिशेब जुन्या दारावरून परत जातो. वारसाचा पत्ताही देऊन ठेवा. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, लेखकाचा पत्ता टिकत नाही.

वाचनालय बदलताना जुन्या ठिकाणची अनामत रक्कम परत घ्या, नव्या ठिकाणी पत्त्याच्या पुराव्याला नोंदणी केलेला भाडेकरार दाखवा. आणि मुंबईबाहेर गेलो म्हणजे पुस्तकांना मुकलो असं समजणाऱ्यांसाठी: दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आणि कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. तुम्ही मागे चाललेला नाहीत, जुन्या नळावर चालला आहात.

गच्चीवरची खोली

शेवटची शंका. टेम्पोची ताडपत्री गळून एक खोकं भिजलं तर? उन्हात टाकायचं का?

कसर

उन्हात नको, कागद वाकतो आणि पिवळा पडतो. इस्त्री नको, हेअर ड्रायर तर नकोच. बुरशी धरायला ४८ तास पुरतात, त्यामुळे त्याच दिवशी हात घाला.

आधी शाईपेनाने लिहिलेली पानं वेगळी करा. ती पुसू नका, चोळू नका, वरून टीपकागद नुसता टेकवा. आर्ट पेपरचे अंक त्यांच्या पाठोपाठ, कारण त्यांची पानं वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात. ओली असतानाच पानांमध्ये बटर पेपर सरकवा. बाकीची पुस्तकं पंख्याच्या खोलीत पंख्यासारखी अर्धवट उघडून उभी करा, वारा थेट पानांवर नको. दर वीस-तीस पानांनंतर टीपकागद, भिजला की बदला. जास्त घातले तर पाठ फाटते.

एका दिवसात आवरणार नाही इतकी असतील, तर प्रत्येक पुस्तक बटर पेपरात गुंडाळून पिशवीत घाला आणि फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. मग एकेक काढून सावकाश वाळवा. त्यासाठी नव्या घरात सगळ्यात आधी फ्रीज लागला पाहिजे, आणि फ्रीज नुकताच आडवा आणला असेल तर तो उभा करून काही तास थांबल्याशिवाय चालू करू नका. तोवर ती पुस्तकं फरशीवर वर्तमानपत्रं अंथरून, एकावर एक न रचता.

गच्चीवरची खोली

धन्यवाद. फ्रीज उभाच आणायला सांगतो.